मोजदाद

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या बोळीत,
तक्रार करणाऱ्यानेच घर दाखवलं,
नाकावर रुमाल धरून, लांबूनच, बोटाने.
मे महिना. सकाळचे सात, आणि भिंती तापायला लागलेल्या.
आमच्याकडे अकरा पिंजरे.
फोनवर तो म्हणाला होता, पंधरा-वीस असतील.

कौतिकाबाई परातेंनी दार उघडलं
तेव्हा आधी वास बाहेर आला, डोळ्यांत झोंबणारा,
मग एक बोका, मग त्या.
"चपला राहू द्या जी पायात. खाली ओलं हाय."

कपाटावर. कुलरच्या कोरड्या टपात.
देवळीत, समईच्या जागी, चार पिल्लं, डोळे चिकटलेली.
आणि घराच्या मधोमध तो बंद पडलेला माग,
ज्याच्या खड्ड्यात पाय सोडून
त्यांच्या सासऱ्यांनी जन्मभर लुगडी काढली.
निशिकांतने टॉर्च मारला.
खड्ड्याने आमच्याकडे पाहिलं
बावीस डोळ्यांनी.
नाही, एकवीस.

रजिस्टर माझ्याकडे. मी लिहीत गेले:
मादी, गाभण. नर, खरूज.
मादी, अंदाजे दोन वर्षं, शेपूट तुटलेली.
माझ्या खांद्यामागून त्या सांगत होत्या:
ही डाळिंबी. हा मोतिया. ते शेवाळी, लय भांडकुदळ.
रंग मांजरांचे नव्हते, लुगड्यांचे होते.
"आणि ही एका डोळ्याची, चिंतामणी."
ती तर काळी आहे, आजी.
"मंग? चिंतामणी सूत बी अंधारात काळंच दिसते."

निराधारच्या पैशातून दूध. उरलं तर त्यांचा चहा.
मी विचारलं, इतकी कशी झाली?
त्यांनी दाराबाहेरच्या रुमालाकडे पाहिलं.
"काही इथंच जलमली. काही आणून टाकली लोकाईनं,
पोत्यात घालून, रात्री, कडी न वाजवता.
याईच्या घरची तीन आहेत त्याच्यात.
पोतं बी हाय. धुऊन गादी केली मी त्याची."
रुमालवाल्याला तेवढ्यात फोन आला,
वाजला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून पिंजरे आणले, सुकट आणली.
निशिकांतचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला.
ट्रंकेमागे तीन सापडली, वाळलेली,
जुन्या काठाच्या तुकड्यांत नीट गुंडाळून ठेवलेली,
पाळण्यात ठेवावं तशी.
ती कुठल्या रकान्यात लिहायची असतात
मला कुणी शिकवलं नव्हतं.
प्रेम होतं म्हणावं, तर डोळे चिकटलेली ती चार पिल्लं.
क्रूरपणा म्हणावा, तर ती गादी.

तिसऱ्या संध्याकाळी डॉक्टर शेंदरे म्हणाले,
एक ठेवता येईल, आजी. नसबंदी करून, लस देऊन.
सांगा कुठली.
त्या उंबऱ्यावर बसल्या.
पिंजऱ्यांवरून नजर फिरवली, एकदा, पुन्हा एकदा,
आणि पदराने तोंड झाकलं.
"एकीचं नाव घेतलं तर बाकीचे बेचाळीस ऐकतात ना जी.
मी नाही सांगत. न्या सगळे."
कागदावर सही मात्र वळणदार केली,
आडनावासकट.

गाडी भरेपर्यंत अंधार पडला.
मी पिंजरे मोजले. मग मांजरं मोजली.
बेचाळीस.
टॉर्च घेऊन परत आत गेले, एकटीच.
फिनेलच्या वासाखाली तो पहिला वास अजून बसलेला.
खड्ड्याच्या पार कोपऱ्यात, पावडीच्या मागे,
एकच हिरवा ठिपका,
हलेना, मिटेना.

मी टॉर्च विझवला.
बुधवारी येते, म्हटलं, टोपली घेऊन,
दिवसभरापुरती.
कुणाला म्हटलं ते नीट कळलं नाही,
कौतिकाबाई मागे उभ्या होत्या की नव्हत्या.

बोळीच्या तोंडाशी रुमालवाला:
झालं का सगळं साफ?
तुमचं पोतं राहिलंय आत, मी म्हटलं.

गाडीत, बेचाळीस गळ्यांच्या ओरड्यात,
मांडीवर रजिस्टर धरून मी त्रेचाळिसावी ओळ भरली.
मादी. काळी, लिहिलं, खोडलं.
रंग: चिंतामणी.